एका ठिपक्याची परीक्षा

(संगणककक्षाच्या उद्घाटनप्रसंगी सिव्हिल लाइन्स, झाशी येथे मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)

माजी विद्यार्थी, पालक आणि सहकारी शिक्षकहो,

आपल्या देणगीतून आलेले संगणक मांडले गेले, त्या दिवशीचा एक प्रसंग सांगते. सातवीतील एका मुलीने हळूच विचारले, "बाई, मी 'मद' लिहिले, तर 'मंद' का दिसते?" पडद्यावर नेमका अनुस्वाराच्या जागी एक काळा ठिपका होता. मी म्हणाले, "धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, बाळ." ती गप्प झाली.

रात्री मात्र मला स्वस्थता लाभेना. हिंदीच्या शेजारात मराठी शुद्ध राहावी म्हणून अनुस्वाराचेही गुण कापणारी मी. आणि माझ्याच विद्यार्थिनीने अचूक पाहिले, तेव्हा तिला गप्प बसवले!

दुसऱ्या दिवशी तिलाच पुढे घालून आम्ही सर्व पडदे तपासले. प्रथम मऊ, कोरड्या फडक्याने धूळ टिपली, कारण धुळीचा कणही दोषाचे सोंग घेतो. खिडक्या लावून पूर्ण पडद्यावर क्रमाने पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा रंग आणला. प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा असे तीन अंश असतात. सर्व रंगांवर काळाच राहणारा बिंदू मृत. काळ्या पडद्यावरही एखाद्या रंगात चमकत राहणारा बिंदू अडकलेला. रंग भराभर बदलत ठेवल्यास अडकलेला बिंदू कधीकधी सुटतो; मृत बिंदू सहसा सुधारत नाही.

१९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. त्यामुळे एखाददुसऱ्या सदोष बिंदूसाठी पडदा बदलून मिळेलच असे नाही. हमीपत्रातील अटी आधी वाचाव्यात आणि मुदतीतच तपासणी करावी. आमची मुदत संपण्यास दोनच दिवस उरले होते.

दोन पडदे सदोष निघाले. एक बदलून मिळाला. 'मंद' दाखवणारा अटींत बसला नाही. तो मी माझ्या टेबलावर ठेवून घेतला आहे, आणि माझा निर्दोष पडदा मुलांच्या कक्षात गेला आहे.

देणगीदारहो, आपल्या दानाचे दात आम्ही मोजले, याचा राग मानू नये. ते मोजण्याचे शिक्षण याच शाळेने आपल्यालाही दिले होते. त्या मुलीची मात्र मी सर्व वर्गासमोर क्षमा मागितली आहे.