पोरं सभेला का येत नाहीत?
(गिरणी कामगारांच्या सभेतील भाषण)



गेट मीटिंग उठली की जुन्या माणसांची एकच तक्रार : पोरं येत नाहीत, मोबाईलात डोकं घालून बसतात. मी विचारतो, पोरं बसतात तिथं आपण कधी गेलो का?

नारायण मेघाजी लोखंडे गेले होते. गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेला हा माणूस. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' पत्र हाती घेतले. कामगारांत लिहिता-वाचता येणारे थोडेच. पण एकाने वाचावे नि दहांनी ऐकावे! १८८४ साली परळच्या सभेत ठरलेल्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन बाया उभ्या राहून बोलल्या! १० जूनला मालकांनी आठवड्याची सुटी कबूल केली. सुटी मिळाली ती सभेच्या जोरावर, पण सभेची वाट दाखवली कागदाने.

पुढे १९२८ चा सहा महिन्यांचा संप आला. तेव्हा 'क्रांति' साप्ताहिक होते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख नि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गावाकडनं आलेल्या पोराला भाषण जड जायचं, पण ढोलकीची थाप त्याच्या ओळखीची. त्याचीच भाषा, त्याचंच दुःख! तो आपणहून पुढे येऊन बसला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव पेटवलं ते याच शाहिरांनी.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. खानावळी मोडल्या, चाळी पांगल्या. जिथं पेपर मोठ्यानं वाचला जाई, ती जागाच गेली. आज भिवंडीत, इचलकरंजीत लूमवर उभ्या पोराला पाळी संपल्यावर बसायला जागा नाही. आहे तो खिशातला फोन.

मग फोनवर आपण काय धाडतो? पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो! त्यानं पोराचा पगार वाढतो का? त्याला सांगा, ओव्हरटाईमचा हिशेब कसा करायचा, पी. एफ. कापला तो भरला की नाही हे कुठं बघायचं. दोन मिनिटांत, त्याच्या बोलीत सांगा. शेजारच्या लूमवर उत्तर प्रदेशचा, तेलंगणाचा भाऊ असेल तर हिंदीत, तेलुगूतही सांगा. मायबोलीसाठी लढलेल्या महाराष्ट्राला दुसऱ्याच्या मायबोलीची किंमत कुणी शिकवायला नको.

आणि एक सावधगिरी. ग्रुपात मालकाचा माणूस असू शकतो. तक्रार करणाऱ्याचं नाव तिथं टाकू नका. पोराची नोकरी गेली तर पुन्हा कोण तोंड उघडील? नाव कानात, मागणी चव्हाट्यावर!

शेवटी, प्रत्येक निरोपाखाली सभेची जागा नि वेळ लिहा. अंगठ्यानं फोन दाबून सुटी मिळत नाही. महालक्ष्मीला माणसं स्वतः चालत गेली होती!

कामगार एकजुटीचा विजय असो!