साहेलची नोकरी आणि परतीची हमी

परदेशातली नोकरी म्हटलं की आपल्या उपनगरांतल्या घरांत दुबई, दोहा, मस्कत हीच नावं निघतात. पण मुंबईकर कंपन्यांची कामं आता त्याच्या कितीतरी पलीकडे पोचली आहेत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेला कोरडा पट्टा म्हणजे साहेल. तिथल्या नायजर देशाच्या राजधानीत, नियामे शहरात, महात्मा गांधींच्या नावाचं आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र उभं आहे. ते शापूरजी पालनजी या मुंबईच्या कंपनीनं बांधलं आणि जानेवारी २०२० मध्ये त्याचं उद्घाटन झालं. बांधकाम, वीजवाहिन्या, सिमेंटचे कारखाने, अशा कामांवर तिथे भारतीय फिटर, इलेक्ट्रिशियन, फोरमन, इंजिनीअर जातात. अशी नोकरी धरताना पगाराच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा: वेळ आली तर या माणसाला परत आणण्याची जबाबदारी कोणाची? आणि हा प्रश्न एकट्या कामगारावर न टाकता कायद्यानं सोडवायला हवा, असं माझं मत आहे.

रोजच्या जगण्याच्या अडचणी सोसण्यासारख्या असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो, हिवाळ्यात हरमटान नावाचा कोरडा वारा धूळ घेऊन येतो, कचेरीत फ्रेंच आणि बाजारात हौसा किंवा झर्मा बोलावी लागते. बाजरी मात्र ओळखीची; ते मूळचं त्याच भागातलं पीक. माणूस या सगळ्याला सरावतो. अडतं ते परतीच्या वाटेवर. २६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली. ११ ऑगस्टला आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं तिथल्या सुमारे अडीचशे भारतीयांना शक्य तितक्या लवकर देश सोडायला सांगितलं, पण तोवर त्या देशाचं आकाश विमानांना बंद झालं होतं. उरला तो रस्ता, आणि सीमेकडे जाताना जपून जा, असं मंत्रालयालाच सांगावं लागलं. पुढे १ जुलै २०२५ रोजी मालीतल्या कायेस इथल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांचं अपहरण झालं. त्याच महिन्यात १५ तारखेला नायजरच्या दोस्सो भागात दोन भारतीय मारले गेले आणि एकाला पळवून नेलं.

आता आपला कायदा पाहू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या कामगाराला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्या निमित्तानं त्याचा करार तपासला जातो आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा होतो. तीन वर्षांचा त्याचा हप्ता अवघा पावणेचारशे रुपये. या १८ देशांत आखाती देश आहेत, मलेशिया आहे, सुदानही आहे. माली, नायजर, चाड, बुर्किना फासो नाहीत. म्हणजे मुलुंडचा दहावी-आयटीआय झालेला वायरमन दोन्ही बाजूंनी या छत्रीबाहेर राहतो: शिक्षणामुळे आणि देशामुळेही. सहारच्या विमानतळ आरोग्य केंद्रात त्याला पीतज्वराची लस टोचतात, पिवळं पुस्तक शिक्का मारून हातात देतात आणि दहा दिवस झाल्याशिवाय ते ग्राह्य नाही हेही बजावतात. डासाच्या बाबतीत व्यवस्था इतकी दक्ष आहे. कराराच्या बाबतीत तिला त्याला एक प्रश्नही विचारावा लागत नाही.

म्हणून धोक्याच्या देशांत नोकरीला जाणाऱ्या प्रत्येकाची, शिक्षण कितीही असो, सरकारकडे नोंदणी व्हावी आणि त्याचा करार तपासला जावा. यावर पहिला आक्षेप असा की सज्ञान माणसानं कुठे जावं हे सरकारनं का ठरवावं? त्यानं ठरवूच नये. नोंदणी म्हणजे मनाई नव्हे. कोण, कुठे, कोणाकडे कामाला आहे याची ती नोंद आहे. दुसरा आक्षेप कटकटीचा. दहावी झालेल्यांनाही नोंदणी सक्तीची करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला आणि लगेच स्थगितही झाला. पण तो त्याच १८ देशांपुरता होता. सरसकट सक्तीमुळे त्रास होत असेल तर धोक्याच्या देशांची यादी वेळोवेळी बदलावी, हाच त्यावरचा उपाय. तिसरा आक्षेप, दूतावास आहेत ना? आहेत, आणि २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आफ्रिकेतल्या १८ नव्या वकिलातींत चाड, बुर्किना फासो, मॉरिटानिया यांचाही समावेश होता. मात्र नायजरचं अगादेझ हे शहर नियामेपासून सातशे किलोमीटरहून दूर आहे. ज्याचं नावच दूतावासाकडे नाही, त्याला दूतावास शोधणार कसा?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर अशा नोकरीचं पत्र ज्यांच्या घरी आलं असेल, त्यांनी सहीआधी एवढं करावं. एजंटकडे सरकारी परवाना आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावं. विम्यातून युद्ध आणि दहशतवाद वगळलेले नाहीत ना, हे वाचावं. संकटात परत आणण्याचा खर्च कंपनी करील, हे करारात लिहून घ्यावं. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दूतावासात नाव नोंदवावं आणि कराराची प्रत घरी ठेवावी. यातलं काही लिहून द्यायला कंपनी कां-कूं करत असेल, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, ती नोकरी घेऊ नये.