वाढलेला रक्तदाब : पाच जणांनी मिळून करायची राखण



शेतीच्या कार्यक्रमात आज बी.पी.ची गोष्ट कशाला, असं काहींना वाटेल. पण घरचा कर्ता माणूस लकवा होऊन खाटेवर पडला की पेरणी, फवारणी, वेचणी सारंच अडतं. लकव्याचं एक मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आपल्याला ठाऊक आहे. बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, आत अळी सरकी खात असते. म्हणून आपण कामगंध सापळे लावतो. लागोपाठ तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले, की उपाय सुरू करतो. रक्तदाबाचंही तसंच आहे. बहुतेकांना काही त्रास जाणवत नाही, पण आत मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड खराब होत राहतात. मोजल्याशिवाय ते कळत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, अथवा त्याहून जास्त भरला, तर रक्तदाब वाढलेला समजावा.

ही राखण एकट्या डॉक्टरांच्यानं होत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात आधी आले. सर्वांसाठी एकच ठरलेली उपचारपद्धत, गावाजवळ गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि कामाची वाटणी, अशी त्याची रीत. २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या गावीही ही वाटणी अशी समजून घ्या :

१. आशाताई : तीस वर्षांवरील माणसांची यादी करतात, तपासणीला बोलावतात. त्या घरी आल्या की टाळू नका.

२. उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर : इथले समुदाय आरोग्य अधिकारी व आरोग्यसेविका रक्तदाब मोजतात, नोंद ठेवतात, चालू गोळ्या पुढे देतात.

३. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर : कोणती गोळी, किती, हे तेच ठरवतात.

४. घरची माणसं : माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे. लोणचं, पापड, ठेचा यांतलं मीठही त्यातच धरावं. खारपाणपट्ट्यातल्या गावांनी पिण्यासाठी गोडं पाणीच वापरावं.

५. आपण स्वतः : गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यावी. तंबाखू, खर्रा, दारू सोडावी.

यातला पाचवा गडी मागे हटला, तर बाकी चौघांचं काम वाया जातं. बरं वाटतं म्हणून पुष्कळ जण गोळी बंद करतात. पण बरं वाटतं ते गोळीमुळेच. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. निंदण-डवरणीनं अंग दुखलं की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून खाण्याची सवयही सोडा. तिनं रक्तदाब वाढू शकतो.

मृग लागला की कुणाला सवड नसते. म्हणून बियाणं, खत आणता तेव्हाच महिनाभराच्या गोळ्याही आणून ठेवा. त्याच फेरीत रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा कार्डावर लिहून घ्या.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर झाडपाला किंवा मांत्रिक यात वेळ घालवू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. काही तासांतच उपचार झाला तर माणूस पुन्हा उभा राहू शकतो.

या आठवड्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या, बायाबापड्यांचाही.