तळघरातली बैठक

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथ या रस्त्यावर १७८ क्रमांकाच्या इमारतीला एक लाल दार आहे. ते उघडून आत पाऊल टाकलंत की तुमच्यासमोर जिना येतो. अरुंद, थेट तळघरात उतरणारा. मी उतरलो तेव्हा भाचा पुढे होता, मी कठडा धरून मागे. "मामा, जपून," असं तो दोनदा म्हणाला. खाली जे आहे त्याचं नाव 'व्हिलेज व्हॅनगार्ड'. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सवात गायलेल्या गवयाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने जाझच्या दुनियेत इथे वाजवून गेलेल्याकडे पाहतात.

पण महोत्सवाचा मांडव डोळ्यांपुढे आणू नका. इथे जेमतेम १२३ माणसं मावतात. आपल्या लग्नात एका पंगतीला याहून जास्त पानं बसतात! खोली पाचरीसारखी, मंचाकडे निमुळती होत गेलेली. भिंतींवर जुन्या वादकांची छायाचित्रं. स्वयंपाकघर आहे, पण तिथे रांधत कुणी नाही. वादक तिथे बसतात आणि हिशेबाच्या वह्याही तिथेच.

मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थाने १९३५ साली ही जागा घेतली. सुरुवातीला इथे कवी कविता म्हणत, नकलाकार नकला करीत, लोकगीतं होत. १९५७ च्या सुमारास मात्र हे जाझचंच ठाणं झालं. गॉर्डन १९८९ साली वारले. पुढे त्यांच्या पत्नी लॉरेन यांनी २०१८ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कारभार पाहिला. २०२० च्या साथीत हे दार दीड वर्ष बंद होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं.

आता खरं सांगायचं तर मी जरा अढी धरूनच गेलो होतो. जाझ म्हणजे कर्कश कर्णे आणि पाय आपटणं, ही माझी समजूत. वास्तविक माझ्या कानांना हे संगीत अगदीच परकं नव्हतं. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक मुंबईत जाझ वाजवीत आणि आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करीत. त्यातलं थोडं आपण सिनेमाच्या गाण्यांतून नकळत ऐकलेलं आहे. पण ओळख असणं वेगळं, ऐकणं वेगळं.

त्या रात्री तिघेच वादक होते. पियानो, ड्रम आणि डबल बास. हा शेवटचा म्हणजे माणसाच्या उंचीहून मोठं, व्हायोलिनच्या घडणीचं वाद्य, पण जाझमध्ये बहुधा बोटांनीच छेडतात. ध्वनिक्षेपकाचा गोंगाट नाही. ड्रमवाला तारांच्या कुंचल्याने चामडं नुसतं कुरवाळीत होता आणि त्याची खसखस मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होती.

तुम्हाला ख्याल ऐकायची सवय असेल तर एक गोष्ट लवकर ध्यानात येईल. आधी तिघे मिळून मूळ चीज वाजवतात. पुष्कळदा ती बत्तीस भागांची असते, प्रत्येक भागात चार मात्रा. मग हेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि त्यावर एकेकजण आपला विस्तार करतो. फरक एवढाच की विस्ताराला रागाची चौकट नसते. एकत्र वाजणाऱ्या सुरांचे जुडगे असतात, त्यांना कॉर्ड म्हणतात. ते ठरल्या क्रमाने बदलत जातात आणि वादकाला त्यांचं बोट धरून चालावं लागतं. आणखी एक गंमत. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. तिथे जोर दुसरीवर आणि चौथीवर. पहिला अर्धा तास माझी मान सगळ्यांच्या उलटी हलत होती.

आणि मग माझ्या हातून आगळीक झाली. पियानो थांबला, ड्रम जवळजवळ थांबला, आणि बासवाला एकटाच खाली वाकून काहीतरी खुडखुडू लागला. मला वाटलं, तबलजी मध्येच तबला ठोकून घेतो तसं काही चाललंय. मी भाच्याकडे वळून परतीच्या गाडीची चौकशी सुरू केली. त्याने माझं मनगट दाबलं. पुढच्या टेबलावरच्या एक वृद्ध बाई वळून माझ्याकडे पाहू लागल्या. रागाने नव्हे, पण पाहिलं खरं. बासवाल्याचा विस्तार चालला होता आणि तो संपेपर्यंत मला काही तो सापडला नाही.

घरी आल्यावर भाचा मला काहीच बोलला नाही. त्याने एक ध्वनिमुद्रण लावलं. २५ जून १९६१, रविवार. हीच खोली. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन आणि बासवर पंचवीस वर्षांचा स्कॉट लाफारो. दुपार ते रात्र त्यांनी पाच बैठकी केल्या, आणि पहिल्याच चिजेच्या मुद्रणात वीज गेली. न्यूयॉर्कलाही वीज जाते बरं का! या एका दिवसातून दोन तबकड्या निघाल्या आणि जाणकार आजही त्या डोक्यावर घेतात. लाफारो त्यात नुसता ठेका धरीत नाही. पियानोशी बरोबरीने बोलतो, त्याला अडवतो, पुढे काढतो.

आणि मागे काय ऐकू येतं? पेल्यांची किणकिण. हशा. माणसं खुशाल गप्पा मारताहेत. लाफारो एकटा वाजवतोय तेव्हासुद्धा! यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, मोटारीच्या अपघातात लाफारो गेला. एव्हान्सने कित्येक महिने जाहीर कार्यक्रमात पियानोला हात लावला नाही. त्या गप्पा मारणाऱ्यांना काय ठाऊक! कुणी परतीच्या गाडीचीच चौकशी करीत असेल. मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

भाच्याला म्हटलं, "उद्याचं तिकीट मिळेल का रे?" सुदैवाने तिथे एकच संच मंगळवार ते रविवार वाजवतो, सोमवार मोठ्या वाद्यवृंदाचा, १९६६ पासूनचा शिरस्ता आहे तो. तिकीट मिळालं. या खेपेला जिना कठडा न धरता उतरलो. बसायला जागा मिळाली ती जॉन कोल्ट्रेनच्या छायाचित्राजवळ. १९६१ च्याच नोव्हेंबरात कोल्ट्रेनने या तळघरात 'इंडिया' नावाची रचना वाजवली होती. पुढे मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं, आणि तो रवीही सॅक्सोफोन घेऊन हाच जिना उतरला. भाचा हे सांगू लागला तेव्हा मीच त्याला गप्प केलं. वादक मंचावर येत होते.

मी आदल्या रात्रीच्या त्या चिजेची वाट पाहत बसलो. बासवाला दोनदा एकटा वाजला. दोन्ही वेळा मी मात्रा मोजीत होतो, आणि दुसऱ्या वेळी आवर्तनाच्या शेवटी त्याच्याबरोबर बरोबर पोचलो. पुढच्या टेबलावर आज दुसरंच कुणी होतं. आदल्या रात्रीची ती चीज मात्र त्यांनी वाजवली नाही. शेवटी मी भाच्याला तिचं नाव विचारलं. त्यालाही आठवेना.