भय आणि सावधपणा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्यास सांगितले. भय त्यांनाही वाटले असेलच. पण हाती काम होते. आपल्या घरी मात्र हल्ल्यानंतर दिवसभर दूरचित्रवाणी चालू राहते आणि मुले तीच दृश्ये पुनःपुन्हा पाहतात. ती बंद करा. मुलांशी बोला, संकटात कुठे भेटायचे, कोणाला दूरध्वनी करायचा, हे ठरवून ठेवा. स्थानकावर पिशवी तपासणाऱ्या शिपायावर आपण चिडतो आणि महिन्याभरात तोही कंटाळून नुसता हात हलवतो! त्याच्यापुढे पिशवी आपणहून उघडा. बेवारस वस्तू दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवा.