खालची पांढरी पट्टी

लग्नपत्रिका, कॅफेची भिंत, कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ, मोबाइलवर आलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. या सगळ्यांत सध्या एकच चौकट पुन्हा पुन्हा दिसते. चौकोनी फोटो, तीन बाजूंना बारीक पांढरी कड आणि खाली मात्र बोटभर रुंद पट्टी. त्या पट्टीवर हस्ताक्षरासारख्या अक्षरांत एखादी तारीख, नाहीतर दोन नावं. ही पोलरॉइडची चौकट. ती वापरणाऱ्या बहुतेकांनी पोलरॉइड कॅमेरा कधी हातातही धरलेला नसतो, आणि त्याला माझी काही हरकत नाही. पण पट्टी खालीच रुंद का, हा प्रश्न कुणाला पडत नाही याचं मला नवल वाटतं. त्याचं उत्तर चित्रकाराकडे नाही, रसायनतज्ज्ञाकडे मिळतं.

१९४३ साली एडविन लँड हे अमेरिकन संशोधक सुट्टीसाठी सांता फेला गेले होते. त्यांनी फोटो काढला आणि तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, तो मला आत्ताच का दिसत नाही? लँड यांनी ही गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली की तिला थोडी झिलई चढली असणारच. पण चार वर्षांनी, फेब्रुवारी १९४७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर त्यांनी झटपट फोटो काढून दाखवला हे खरं. नोव्हेंबर १९४८ मध्ये बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला, किंमत ८९ डॉलर ७५ सेंट. फोटो तपकिरी यायचा, आणि मिनिटभर थांबून वरचा कागद सोलून काढावा लागायचा. सोललेला कागद ओला, चिकट, टाकायचा कुठे हा प्रश्नच. पुढे काळे-पांढरे फोटो आले, तर ते टिकावेत म्हणून त्यांवर एका बोळ्यानं द्रव फिरवावा लागे. तो वाळेपर्यंत फोटो हवेत हलवायचा. ती सवय लोकांच्या हातात अशी बसली की गरज संपल्यावरही गेली नाही. आजही कुणी असा फोटो काढला की दुसरा तो हलवायला लागतो. नंतरच्या फिल्मला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट जोरात हलवलं तर आतले थर सुटू शकतात.

खरी करामत १९७२ ची. त्या वर्षी आपल्या पोलरॉइड कंपनीच्या वार्षिक सभेत लँड यांनी कोटाच्या खिशातून चपटी घडी काढली, उघडली आणि दहा सेकंदांत पाच फोटो काढले. तो कॅमेरा एसएक्स-७०. त्याच्या फिल्मला सोलायचं काही नव्हतं. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर आला की हिरवट-राखाडी दिसायचा आणि दिवसाच्या लख्ख उजेडात, तुमच्या डोळ्यांसमोर, त्यात चेहरे उमटायला लागायचे.

आता विचार करा, फिल्मला उजेड लागला की ती खराब होते हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. मग हे झालं कसं? त्या रुंद पट्टीत एक बंद पुडी असे. तिच्यात दाट अल्कली पेस्ट. फोटो बाहेर येताना दोन पोलादी रुळांमधून दाबला जाई, पुडी फुटे आणि लाटण्याखाली कणीक पसरावी तशी ती पेस्ट आतल्या थरांवर सारखी पसरे. पेस्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड होती आणि काही असे रंग होते, जे अल्कलीत गडद असतात. तो गडदपणा हीच काळोखी खोली! त्याच्या आडोशाला खालचे थर आपलं काम करत, निळा, किरमिजी, पिवळा असे रंग हळूहळू वर चढत. मग दुसरा एक आम्लाचा थर अल्कली मारून टाकायचा, गडद रंग आपोआप पारदर्शक व्हायचे, आणि मागे उरायची टायटॅनियमची शुभ्रता. फोटोतल्या शर्टाचा, ढगाचा पांढरा रंग म्हणजे तीच पूड. काळोखी खोली, डेव्हलपर आणि कागद, तिन्ही एका कार्डात बंद. मला विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राची ही सर्वांत देखणी खोडी वाटते.

तेव्हा खालची पट्टी म्हणजे पुडीचं घर. बाजूच्या कडांनी थर बांधून धरलेले, वरच्या कडेत उरलेली पेस्ट अडायची. कडा कापल्या तर फोटो सुटतो. एकही रेघ शोभेसाठी नव्हती. पुडीला जागा द्यावीच लागत होती, म्हणून पट्टी आली, आणि लोकांनी त्या रिकाम्या जागेवर पेनानं लिहायला सुरुवात केली.

कलावंतांना ही फिल्म कळली ती तिच्या दुबळेपणातून. फोटो उमटल्यावरही आतला रसायनाचा थर काही काळ मऊ राहायचा. लुकास समारास यांनी १९७३ पासून बोथट टोकानं तो दाबून, ढकलून स्वतःच्याच चेहऱ्याचे विचित्र आकार केले. पीटर गॅब्रिएल या इंग्लिश गायकाच्या १९८० च्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचा अर्धा चेहरा मेणासारखा वितळताना दिसतो, तोही असाच. हिप्नॉसिस या संस्थेच्या डिझायनरांनी ओला फोटो पेन्सिलीनं फासला. संगणकावर आज ते पाच मिनिटांत होईल, पण तेवढी बेफिकिरी येईल असं मला वाटत नाही. ओल्या फोटोवर हात चुकला तर परतीचा रस्ता नव्हता, निगेटिव्ह नावाची वस्तूच नव्हती.

टॉकिंग हेड्सच्या १९७८ च्या रेकॉर्डवर बँडच्या चौघांचे ५२९ पोलरॉइड जुळवून एक चित्र केलेलं आहे. डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ मध्ये एकाच दृश्याचे अनेक पोलरॉइड शेजारीशेजारी मांडले, पांढऱ्या कडांची जाळी तशीच ठेवली आणि आपण खिडकीच्या गजांतून पाहतोय असं झालं. पण लवकरच ते साध्या प्रिंटकडे वळले, तिथे कड नव्हती आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढवता येत होता. अँडी वॉरहॉल यांच्याकडे बिग शॉट नावाचा बोजड कॅमेरा होता. त्याचा फोकस ठरलेला, त्यामुळे स्वतःच पुढे-मागे सरकून माणूस टप्प्यात आणायचा. फ्लॅशच्या झोतात सुरकुत्या पुसल्या जायच्या आणि तोच सपाट चेहरा पुढे त्यांच्या रंगीत छपाईत उतरला. श्रीमंत गिऱ्हाइकांना तो आवडला यात नवल नाही.

मग डिजिटल आलं. २००१ मध्ये पोलरॉइड कंपनी दिवाळखोरीत गेली, २००८ मध्ये तिनं फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावातली यंत्रं काही वेड्या माणसांनी विकत घेतली आणि आपल्या खटाटोपाला नाव दिलं, इम्पॉसिबल प्रोजेक्ट. जुनी रसायनं मिळेनाशी झाली होती, त्यामुळे फिल्म जवळजवळ नव्यानं शोधावी लागली. २०१० मध्ये ती बाजारात आली तेव्हा एका पाकिटात दहाऐवजी आठ फोटो, आणि फोटो बाहेर येताक्षणी उजेडापासून झाकावा लागे. रंगांचा भरवसा नाही. गिऱ्हाइकांनी तरी घेतली. आणि त्याच २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम सुरू झालं. फोटो चौकोनीच, चिन्ह जुन्या पोलरॉइड कॅमेऱ्याच्या चेहऱ्यावर बेतलेलं, अगदी इंद्रधनुषी पट्ट्यासकट. एकीकडे काही माणसं खरी वस्तू पुन्हा बनवण्यासाठी रसायनांशी झुंजत होती, दुसरीकडे तिचं रूप फुकट वाटलं जात होतं.

इथे मला थोडं वाकडं बोलायचं आहे. फिल्टरमधली जी पिवळट-लालसर छटा आपण 'जुनी' म्हणून गोड मानतो, ती त्या काळाची नव्हेच. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमधला निळा-हिरवट रंग कच्चा होता. तो अंधाऱ्या अल्बममध्येसुद्धा उडत गेला आणि मागे लाली उरली. फोटो धुऊन आला त्या दिवशी आकाश निळंच होतं. म्हणजे फिल्टर भूतकाळ दाखवत नाही, तो कपाटातली तीस वर्षं दाखवतो. रंगीत प्रिंट बनवणारे इंजिनिअर ज्या दोषाशी आयुष्यभर भांडले, तो आपण हौसेनं वर लावतो. खोटा प्रकाशझोत, खोटे ओरखडे, कोपऱ्यात नारिंगी तारीख, हे मला नाटकातल्या पात्रानं खोकून म्हातारपण दाखवावं तसं वाटतं.

पण खालच्या पट्टीबद्दल मी असं म्हणणार नाही. तिला अजून काम आहे. टेलर स्विफ्टच्या २०१४ च्या रेकॉर्डचं वेष्टन पाहा. चेहऱ्याचा वरचा भाग कापला गेलेला एक पोलरॉइड, आणि पट्टीवर जाड पेननं दोन आद्याक्षरं आणि १९८९ हे तिचं जन्मवर्ष. शीर्षकासाठी वेगळी अक्षरजुळणी करावीच लागली नाही. फुजीफिल्मचा १९९८ पासूनचा इन्स्टॅक्सही याच पट्टीवर उभा आहे. त्यातला छोटा फोटो बँकेच्या कार्डाएवढा, पाकिटात मावणारा. २०१८ च्या आर्थिक वर्षात असे कॅमेरे जगभरात सुमारे एक कोटी विकले गेले. फोनमध्ये हजारो फोटो असलेल्या मुली-मुलांनीच ते घेतले. लग्नात पाहुण्यांचा फोटो काढायचा, वहीत चिकटवायचा आणि त्यांनी खाली दोन ओळी लिहायच्या, ही प्रथा आता आपल्याकडच्या लग्नांतही दिसते. तिथे पट्टी पुन्हा लोकांनी तिला दिलेल्या कामाला लागते, लिहिण्याच्या.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती आपल्याच डिझायनरांबद्दल. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठी मध्यमवर्गीय घरांत पोलरॉइड क्वचितच होता. असायचा तो अॅग्फा क्लिक थ्री. १२० ची फिल्म, १२ फोटो, आणि प्रत्येक फोटो सहा बाय सहा सेंटीमीटर, म्हणजे चौकोनीच! काळ्या जाड कागदाचा अल्बम, फोटोला धरणारे चार कागदी कोपरे, पानांमध्ये करकरणारा बटर पेपर. स्टुडिओतल्या फोटोला वेगळा पुठ्ठा आणि त्यावर उठावदार दाबून घेतलेलं स्टुडिओचं नाव. काही प्रिंटच्या कडा नागमोडी कातरलेल्या. यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी होती: कोपरे असल्यानं डिंक लागत नसे, बटर पेपरमुळे फोटो एकमेकांवर घासत नसत, आणि ठशामुळे जादा प्रती कुणाकडे मागायच्या ते कळे. हे सगळं आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेलं असताना पुण्या-मुंबईतली पत्रिका केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या पोलरॉइडच्या रसायनाच्या पुडीसाठी पट्टी सोडते. एखाद्या पत्रिकेवर काळा कागद, चार कोपरे आणि मध्ये आजी-आजोबांचा क्लिक थ्रीचा फोटो छापून आला, तर ती पत्रिका मला बघायची आहे.