मानेची जन्मकथा



मी शाळेंत शिकवीत असतांना वर्गांतील एका मुलाच्या गळ्यावर, अगदीं मधोमध, सुपारीएवढी गांठ आली. घरच्यांनीं पोटीस बांधलें. कोणीं तरी गळूं समजून ती फोडलीहि. चार महिन्यांनीं ती पुन्हां भरली. अखेर मुलास मिरजेस नेलें. डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय काढल्यापासून आम्हां सांगलीकरांचीं पावलें तिकडे वळत आलीं आहेत. तेथें शल्यवैद्यांनीं मुलास जीभ बाहेर काढावयास सांगितलें, आणि गांठ वर सरकली! गळ्यावरील गांठीचा जिभेशीं संबंध काय?

याचें उत्तर गर्भावस्थेंत आहे. चार आठवड्यांच्या गर्भास मान नसतेच. तो जेमतेम जोंधळ्याच्या दाण्याएवढा. मस्तकाखालीं लगेच हृदय, आणि मध्यें दोन्ही बाजूंस ओळीनें उठलेल्या मांसल कमानी. वरच्या कमानींतून जबडा, खालच्यांतून स्वरयंत्राच्या कूर्चा घडतात. पुढें मस्तक उचलतें, हृदय छातींत उतरतें, आणि मधली जागा लांबते, तीच मान.

थायरॉइड ग्रंथीचा उगम जिभेच्या मुळाशीं होतो. तेथून उतरत सातव्या आठवड्याच्या सुमारास ती श्वासनलिकेपुढें स्थिरावते व मागची वाट बुजते. क्वचित् ती बुजत नाहीं. तींत द्रव सांचून गांठ होते. ही वाट कंठांतील नालाच्या आकाराच्या हाडास चिकटून जिभेपर्यंत जाते, म्हणून जिभेबरोबर गांठहि हलते. नुसती गांठ काढल्यास ती पुन्हां उद्भवते. यास्तव १९२० सालीं अमेरिकेंतील सिस्ट्रंक यांनीं त्या हाडाचा मधला तुकडा वाटेसह काढण्याची रीत सांगितली. आजहि तीच चालते. मात्र मूळ ग्रंथि आपल्या जागीं आहे ना, हें आधीं सोनोग्राफीनें पाहतात. कारण कधीं कधीं वाटेंत अडकलेली एकुलती ग्रंथिच गांठीसारखी दिसते.

हृदय उतरलें तेव्हां स्वरयंत्राचा डावा मज्जातंतुहि खालीं ओढला गेला. तो छातींत जाऊन महारोहिणीस वळसा घालतो व पुन्हां कंठांत येतो. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खांसाहेबांच्या स्वरासहि हाच वळसा होता! म्हणूनच छातींतील विकारानेंहि आवाज बसतो.

तो मुलगा शस्त्रक्रियेनंतर बरा झाला. गळ्यावर गांठ दिसल्यास डाग देऊं नये, फोडूं नये. आवाज तीन आठवडे बसलेला राहिल्यास अंगावर काढूं नये. वेळीं डॉक्टरांस दाखवावें.